कानसेठची थोरली

गाडी येताना लोक तिच्याकडे तोंड करून उभे राहतात. कानसेठ पाठ करून उभे राहायचे. फाटक पडलं, भोंगा ऐकू आला, की सायकल स्टँडवर लावायची, दोन्ही हात मागे बांधायचे आणि समोरच्या पानठेल्याकडे बघत राहायचं. मालगाडी असो की पॅसेंजर, शेवटचा डबा निघून जाईस्तोवर मान वळायची नाही. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांचं रेल्वेशी काही भांडण आहे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "डोळे मधात आले का कान आळशी होतात, मिस्त्री."

त्यांचं रायपूरच्या गोल बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान आणि ब्राह्मणपाऱ्यात घर. नागपूरकरांच्या राज्यात त्यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. मी तुमसरकडचा. चौथी शिकलो, रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा गडी, म्हणून लागलो आणि फिटर होऊन बाहेर पडलो. त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी आणि माझ्या मराठीत अर्धं शेड, तरी आमचं जमलं. कानसेठ हे नाव आमच्या शेडच्या लोकांनी ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा रागावले नाहीत. दुकानातल्या गड्यालाही म्हणाले, आता असंच म्हणत जा.

दुकानात त्यांची एक सवय होती. गिऱ्हाईकानं कळशी पसंत केली, की ती डाव्या तळहातावर धरायची, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं टिचकी मारायची आणि आवाज विरेपर्यंत गप्प राहायचं. आवाज मनासारखा आला नाही तर कळशी मागे ठेवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, मला हीच पाहिजे, दिसायला छान आहे. कानसेठ म्हणायचे, दोन वर्षांनी बुडातून गळेल तेव्हा शिव्या मला घालशील, दुसरी घे. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, मला सांगायच्या, ह्या टिचकीपायी अर्धं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

आमची ओळख भांडणातून झाली. त्या दिवशी ड्युटी संपवून मी सायकलनं घरी निघालो होतो आणि फाटक पडलं. आमच्याच शेडचं इंजिन मालगाडी घेऊन गेलं. सकाळी मीच ते तयार करून सोडलं होतं. काळा धूर नाही, तेल गळत नाही, बघत राहावं असं काम. माझ्या शेजारी रुळांकडे पाठ करून उभा असलेला हा माणूस, कोणाला उद्देशून नाही, असंच बोलला, "सोळातलं एक भांडं फुटकं हाय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काय बोलून राहिले, शेठजी? सकाळी माझ्या हातून निघालं ते."

"मग तुमच्याच हातून राहिलं असंन."

फाटक उघडलं तरी आमचं चालूच. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. इंजिन चौथ्या दिवशी परत आलं. मी कोणाला न सांगता सोळातला एकेक सिलिंडर तपासला. एकाचं इंजेक्टर आजारी होतं, डिझेलचा फवारा नीट फुटत नव्हता. मी ते बदललं आणि गप्प बसलो. कानसेठना हे सांगायला मला तीन महिने लागले. सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "बदललं ना?" आणि चहा मागवला. त्या दिवसापासून दर रविवारी मी त्यांच्या दुकानात बसायला लागलो.

आता थोरलीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. आमच्या शेडला आलेलं पहिलं इंजिन म्हणून तिला थोरली म्हणायचे. मी खलाशी होतो तेव्हा तिच्या ब्लॉकला तडा गेला. ब्लॉक म्हणजे इंजिनाची छाती, सोळाही सिलिंडर त्यातच बसतात. डाव्या बाजूच्या तिसऱ्या झाकणाखाली वीतभर तडा होता. वेल्डरनं तो भरला आणि मी दोन दिवस घासून सारखा केला. तेव्हापासून थोरली धडधडायला लागली, की त्या धडधडीच्या खाली एक बारीक खणखण यायची. आम्हाला शेडमध्ये ती कळत नसे. कानसेठना फाटकावरून कळायची. म्हणायचे, जोड दिलेलं भांडं असंच बोलते, आणि जोड चांगला असला तर बिनजोडाच्या भांड्यापेक्षा जास्त टिकते. त्यांना तिचा फार लळा होता. ती गेली की दिवस चांगला जातो, असं त्यांचं आपलं काहीतरी होतं.

मग एका मोठ्या दुरुस्तीत थोरली आणि सत्तावीस नंबर, दोन्ही इंजिनं एकाच वेळी उघडी पडली होती. वरून निरोप आला, थोरली आधी पाहिजे. तिचा ब्लॉक तयार नव्हता, सत्तावीसचा होता. क्रेननं सत्तावीसचा ब्लॉक उचलून आम्ही थोरलीच्या सांगाड्यात बसवला, आणि महिन्यानं थोरलीचा ब्लॉक सत्तावीसमध्ये. ह्यात चोरी नाही, लबाडी नाही. शेडमध्ये हे होतंच. रेल्वे इंजिनाला ओळखते ती सांगाड्यावरच्या नंबरानं. ब्लॉक काय, पिस्टन काय, बदलतच असतात. रजिस्टरात तसं लिहिलंही होतं. दोन्ही वेळा ब्लॉकखाली हात माझे होते.

पुढे एक दिवस मी आणि कानसेठ फाटकावर होतो. ते पाठ करून, मी तोंड करून. ते म्हणाले, "थोरली आली." मी नंबर पाहिला. सत्तावीस.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला गंमत वाटली. नंतर नवल वाटलं. त्यानंतर जितक्यांदा सत्तावीस गेली, तितक्यांदा ते म्हणाले, थोरली. खरी थोरली, म्हणजे नंबराची थोरली गेली तर म्हणायचे, हे कोणतं तरी साधं हाय. त्यांनी कधी मान वळवली नाही आणि मी कधी सांगितलं नाही. शेडच्या आतली गोष्ट बाहेरच्याला काहून सांगायची, असं मी मनाला समजावत होतो. पण त्याच्यामागे दुसरी गोष्ट होती. त्या वर्षांत लोक मला थोरलीचा मिस्त्री म्हणायला लागले होते. नवा साहेब आला की मला तिच्यासमोर उभं करून सांगायचे, हिला ह्यानं जिवंत ठेवलं. मी मान हलवायचो.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाली, तेलीबांध्याकडचे रस्ते रुंद झाले, बघता बघता आमच्या लाइनीवरही बिजलीची तार आली. जुन्या डिझेलची गरज संपली. तेव्हा कुठून कुठून इंजिनांचे शौकीन यायला लागले. नोकरीवाले पोट्टे, एकदोन पोट्ट्याही. गळ्यात कॅमेरे, हातात फोन. कानसेठना अंकल म्हणायचे आणि त्यांच्या बाजूला उभे राहून आवाज भरून घ्यायचे. एक इंजिन कंडम झालं त्या दिवशी त्यांच्यातला एक जण फाटकावर डोळे पुसत होता. मला राग आला. मी त्याला म्हटलं, माझा डावा कान गेला तो ह्याच आवाजानं. माझ्या बायकोनं तीस वर्षं माझे कपडे वेगळ्या बादलीत धुतले. तुम्ही रविवारी येता, फोटो काढता आणि जाता. जाऊ द्या आता ह्या इंजिनांना.

तो हिंदीत म्हणाला, चाचा, आपको दुख नहीं होता? मी म्हटलं, नाही. पण शेडमधलं शेवटचं जुनं डिझेल बंद झालं त्या आठवड्यात माझं जेवणात लक्ष नव्हतं, हेही खरं आहे.

कानसेठ ह्या सगळ्यात मधले होते. मला म्हणाले, "गेली पायजेत, मिस्त्री. लहान लेकरांच्या छातीत धूर जाते. नातू माझा खोकलत राहते. पण जातानी ज्याचं नाव त्याच्याजवळ राहू द्या."

ते हे बोलले आणि मी विषय बदलला. कारण तोवर ठरलं होतं, की थोरलीला रंग देऊन शेडच्या समोर चौथऱ्यावर ठेवायचं. बाकीची सगळी भंगारात. भंगाराच्या लाइनीत तिसऱ्या नंबरावर सत्तावीस उभी होती.

कार्यक्रमाला मला घरी येऊन बोलावणं केलं. मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. शाल, नारळ, थोरलीला जिवंत ठेवणारा मिस्त्री म्हणून सत्कार. माझी बायको, मुलगा, सून पहिल्या रांगेत नवे कपडे घालून बसले. शौकीन पोट्ट्यांनी कानसेठनाही आणलं होतं. कानसेठ शेडच्या आत त्या दिवशी पहिल्यांदा आले. साहेबांनी ठरवलं होतं, की चौथऱ्यावर चढवण्याआधी थोरली शेवटची एकदा चालू करायची. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. मी एका जुन्या सोबत्याला बाजूला घेऊन म्हटलं, बॅटरी उतरली आहे म्हणून सांग, चालू करू नका. तो म्हणाला, दादा, सकाळीच ट्राय घेतली, एकदम मस्त उठली.

कानसेठ थोरलीकडे पाठ करून उभे राहिले. हात मागे. लोक हसले, फोटो काढले. इंजिन उठलं. धूर वर गेला, टाळ्या पडल्या. मी कानसेठच्या तोंडाकडे बघत होतो. आधी ते खणखणीची वाट बघत होते. मग कपाळाला आठी पडली. मग त्यांनी मान तिरपी केली, जशी दुकानात एखाद्या कळशीसाठी करायचे. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "ही थोरली नाही."

कोणी हसलं. साहेब तरुण होते, चांगले होते. म्हणाले, अंकल, नंबर देख लीजिए। कानसेठ वळले. इतक्या वर्षांत गाडीकडे वळलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नंबर वाचला आणि म्हणाले, "साहेब, नंबर तर रंगानं लिहिते. थोरली मी दोन महिन्याआधी फाटकावर ऐकली. ती कुठं हाय?"

आता सगळ्यांची पंचाईत झाली. शौकीन पोट्टे एकमेकांकडे बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, उमर हो गई है. कानसेठनी ते ऐकलं. त्यांना ऐकू येत नाही असं काही नव्हतंच. ते माझ्याकडे आले. माझ्या खांद्यावर शाल पडली होती.

"मिस्त्री, तुमी सांगा. ही थोरली हाय काय?"

सत्तावीस तिथून दीडशे पावलांवर उभी होती. डाव्या बाजूचं तिसरं झाकण उघडायला मला पाच मिनिटं लागली असती. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. सून फोनवर माझा व्हिडिओ काढत होती.

मी म्हटलं, "नंबर थोरलीचाच आहे, सेठ."

कानसेठ आणखी जवळ आले. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "नंबर मी कुठं विचारला." आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत निघून गेले. साहेब म्हणाले, बुजुर्ग आहेत, भावना आहेत त्यांच्या. पुन्हा टाळ्या पडल्या. नारळ माझ्या हातात होता.

पुढचे दोन रविवार मी दुकानात गेलो नाही. शौकीन पोट्टे फाटकावर भेटले तर मला नमस्कार करत आणि कानसेठचं नाव निघालं की गप्प होत. त्यांनी कानसेठना बोलावणं बंद केलं होतं. म्हणजे ज्या कानावर त्यांनी एवढा विश्वास टाकला, तो आता खोटा ठरला होता, आणि तो मी खोटा ठरवला होता. भंगारवाले पहिलं इंजिन कापायला लागले अशी बातमी आली. तिसऱ्या रविवारी मी गेलो.

कानसेठ गादीवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत. म्हणाले, "काय दाखवू?"

इतक्या वर्षांत मला त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, एक गडवा दाखवा. त्यांनी फळीवरून तांब्यासारखा पाण्याचा गडवा काढला, कागदात गुंडाळला आणि पुढे केला. मी म्हटलं, "वाजवून नाही पाहिला?"

"खाली वजनाचा नंबर लिहिला हाय. तुमाले तेवढा पुरते."

मी गडवा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. दोन ब्लॉक, क्रेन, सत्तावीस, फाटकावर मी गप्प राहिलो ते, सगळं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी सांगितलं. कानसेठनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "कापली काय?"

"नाही. दोनचार दिवसांत तिचा नंबर लागंल."

"मग मले काहून सांगून राहिले? मले तर ठाऊक होतं. त्याहिले सांगा."

मी "हव, सांगतो" म्हटलं आणि घरी आलो. मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, बाबूजी, अब रहने दीजिए, सबके सामने शाल ली है आपने। बायको म्हणाली, शाल परत मागतीन काय? ती थट्टा करत नव्हती, खरंच विचारत होती. मी सोमवारी गेलो नाही, गुडघा दुखत होता. मंगळवारी गेलो नाही, कारण साहेब दौऱ्यावर असतील असं मला वाटलं. मी विचारलं नव्हतं, नुसतं वाटलं होतं. बुधवारी सकाळी अंघोळ करून गेलो.

सत्तावीस उघडी पडली होती. वरचं छत, बाजूचे पत्रे, सगळं कापून जमिनीवर. ब्लॉक दोन तुकड्यांत होता. डावीकडचा तुकडा माझ्याकडे तोंड करून पडला होता आणि त्यावर माझा जोड होता. वीतभर. तो फाटला नव्हता. गॅसकटरची रेघ त्याच्या चार बोटं बाजूनं गेली होती. कापणारा माणूस मला म्हणाला, चाचा, हटिये, चिंगारी लगेगी।

साहेबांना मी तसाच जाऊन भेटलो. त्यांनी मला बसवलं, शांतपणे ऐकलं. म्हणाले, दादा, इंजिनाची ओळख सांगाड्यावरून असते, तुम्हीही हे जाणता, ह्यात कोणाची चूक नाही. जुनी रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी चहा पाजला. त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. कार्यक्रमात मी जे बोललो, तेही खोटं नव्हतं. म्हणूनच मला तिथे बसवेना.

मी कानसेठकडे गेलो आणि सांगितलं, की कापली. माझ्या दोन दिवसांचंही सांगितलं. मला वाटलं, आता मला दुकानातून उठवतील. ते बराच वेळ गल्ल्यावरच्या कपड्याची घडी करत राहिले. मग म्हणाले, चौथऱ्यावर पाटी आहे ना, तिच्यात एक ओळ वाढवायला सांगा. हिच्या आत सत्तावीसचा ब्लॉक हाय, आणि थोरलीचा ब्लॉक सत्तावीसमध्ये गेला. एवढंच. बिचाऱ्या सत्तावीसनं काहून दुसऱ्याच्या नावानं उभं राहावं?

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी एका थोरलीचंच दुःख करत होतो.

त्यानंतर मी शेडमध्ये जातच राहिलो. माझं लिहिणं कच्चं, म्हणून तोंडी सांगायचो. पहिल्या साहेबांची बदली झाली. दुसऱ्यांनी अर्ज द्या म्हटलं. मी वहीच्या कागदावर स्वतः लिहून अर्ज दिला, सुनेनं दुरुस्त करून देते म्हटलं तर दिला नाही. त्यांचीही बदली झाली. तिसऱ्यांनी मला ओळखीच्या माणसासारखं बोलावलं, हसून, आणि बाहेरच्या शिपायाला खूण केली ती मला खिडकीच्या काचेत दिसली. डोक्यावर परिणाम झाला आहे, अशी खूण होती. शौकीन पोट्ट्यांनाही मी सांगितलं. त्यांच्यातला एक जण म्हणाला, चाचा, उस दिन तो आपने ही कहा था। मी म्हटलं, हो, मीच.

कानसेठ मागच्या थंडीत खाटेला लागले. मी ब्राह्मणपाऱ्यात रोज जायचो. वहिनी दार उघडून म्हणायच्या, या भाऊजी, सकाळपासून वाट पाहून राहिले. बोलणं कमी झालं होतं, पण हिशेब पक्का. शेवटच्या भेटीत डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. मी उठायला लागलो, तर विचारलं, "तिसऱ्यानं काय म्हटलं?"

मी खूण झाल्याचं सांगितलं नाही. म्हटलं, चहा पाजला.

"पाटी?"

"नाही बदलली."

मला वाटलं आता म्हणतील, जाऊ द्या मिस्त्री, खूप झालं. मी तेच ऐकायला थांबलो होतो, हे लपवत नाही.

म्हणाले, "मग चौथा येईन तवा जा."

कानसेठ गेले त्याला आता दहा महिने झाले. चौथे साहेब मागच्या आठवड्यात आले आहेत. सोमवारी मला वेळ दिली आहे.